एका व्हॉल्व्हचा रेडिओ

रेडिओ घ्यायचा तर कोणता, या एका प्रश्नानं सावळाराम गुरुजींनी भोरच्या पेठेतल्या शहाण्यासुरत्या माणसांचं डोकं सबंध उन्हाळाभर खाल्लं. साल एकोणीसशे एकोणचाळीस. भोरात तेव्हा रेडिओ होते मोजून चार, आणि ते घेतलेल्यांना त्यातून गाणी अन् बातम्या यापलीकडं काही नको होतं. सावळारामला गाणी नको होती. त्याला हौशी बिनतारीवाला व्हायचं होतं. म्हणजे घरात बसून, तारेवाचून, हवेतून, कुठल्या कुठं असलेल्या माणसाशी कट्टकडकट्ट बोलायचं, आणि तेही चोरून नव्हे, सरकारी परवाना घेऊन राजरोस. मराठी शाळेतला मास्तर, पगार तो केवढा, आणि हौस बघा कसली!

हे खूळ त्याला लागलं सासुरवाडीत. त्याची बायको चंद्रा वेल्ह्याची. तिचा चुलता गेनबा मागच्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला जाऊन आलेला. तिथं तो निरोप पाठवणाऱ्या तुकडीत होता. दिवाळीला जावई आले, की म्हातारा काठीला पंचा बांधून अंगणात उभा राहायचा आणि हवेत अक्षरं काढून दाखवायचा. छोटा झोका म्हणजे तुटक, मोठा झोका म्हणजे लांब. इंग्रजीतली सगळी सव्वीस अक्षरं त्यानं जावयाला अशी पंचानं शिकवली. चंद्रा तर लहानपणापासून ते बघत आलेली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण कुठल्या अक्षराला किती झोके हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती.

परवान्याच्या परीक्षेत मात्र पंचा चालत नव्हता. तिथं कानानं ऐकून, मिनिटाला बारा शब्द उतरवायचे होते. त्यासाठी रेडिओ पाहिजे, आणि तो मास्तरला झेपेल असा पाहिजे.

शेवटी मे महिन्यात तो आणि हाफिज पुण्याला गेले. हाफिज हा त्याचा जिवाचा दोस्त. मोटारअड्ड्याजवळ त्याचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. तेलावर चालणारं एक इंजिन, त्याला जोडलेला डायनामो, आणि भिंतीशी ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या. पुण्याच्या मोटारींच्या बॅटऱ्या त्याच्याकडं यायच्या, पेठेतल्या रेडिओंच्याही यायच्या. त्यावरच त्याचं, त्याची बायको मासूमाचं आणि चार पोरांचं चालत होतं. विजेतलं कळणारा भोरातला तो एकटा माणूस, म्हणून सावळारामनं त्याला बरोबर नेलं.

जुन्या मालाच्या एका दुकानात त्यांना तीन यंत्रं बघायला मिळाली. पहिलं होतं नुसत्या स्फटिकाच्या खड्याचं. त्याला बॅटरी नको, काही नको, किंमतही अगदी किरकोळ. पण मुंबई पार घाटापलीकडं, आणि त्या खड्यातून ऐकायचं म्हणजे श्वास रोखून बसायचं. तिसरं होतं तीन व्हॉल्व्हचं, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या तीन काचेच्या दिव्यांचं, मोठ्या कर्ण्याचं. त्याची किंमत ऐकून सावळारामचे डोळे पांढरे झाले. तेवढ्या पैशांत गाभण म्हैस आली असती. मधलं एका व्हॉल्व्हचं होतं. साधी लाकडी पेटी, दोन बटणं, कानावर चढवायचे फोन, आणि चालायला विजेरीसारख्या कोरड्या बॅटऱ्या.

“शिकणाऱ्याला हे पुष्कळ झालं,” दुकानदार म्हणाला. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला म्हातारा माणूस तो. “डाव्या बटणानं स्टेशन शोधायचं. उजवं बटण हळूहळू पुढं न्यायचं, की आवाज मोठा होत जातो. मात्र शिट्टी वाजायला लागली की लगेच मागं घ्यायचं. शेजाऱ्यांना त्रास होतो.”

दुकानाबाहेर आल्यावर दोघंही पोट धरधरून हसले.

“फोन माझ्या कानावर, आणि त्रास शेजाऱ्यांना!” सावळाराम म्हणाला.

“म्हातारा लई थकलाय, गुरुजी,” हाफिज म्हणाला. “पर यंत्र चोख हाय. म्या आत बघितलं. हेच घ्या.”

सावळारामनं तेच घेतलं. हाफिजनं स्वतः घरापुढच्या चिंचेवर चढून हवेतले आवाज पकडायची तार बांधून दिली. पहिल्या संध्याकाळी फोनची एकेक वाटी दोघांनी एकेका कानाला लावली, आणि मुंबईचा माणूस शेजारी बसून बोलावा तसा बोलायला लागला तेव्हा दोघंही थिजून एकमेकांकडं बघत राहिले. चंद्रा चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, “अवो, काय झालं? असं भूत बघितल्यावानी काय बसलाय?”

पुढं आठ दिवसांत सावळारामला एक शोध लागला, आणि त्या शोधाचा त्याला फार अभिमान वाटला. मुंबई लावायची आणि उजवं बटण शिट्टीच्या पलीकडं सरळ ढकलून द्यायचं. कानात एकसुरी, स्वच्छ शिट्टी सुरू होते. मग बॅटरीच्या तारेत एक पितळी खटका बसवायचा. खटका दाबला की शिट्टी वाजते, सोडला की थांबते. झालं! परीक्षेचा अभ्यास करायला आयतं यंत्र तयार! जे बटण मागं घ्या म्हणून म्हातारा सांगत होता, तेच पुढं नेल्यावर खरी मजा होती.

मात्र आपण खटका दाबायचा आणि आपणच ऐकायचं, यात परीक्षा कसली? दाबणारं दुसरं कुणीतरी हवं. मग चंद्रा खटक्यावर बसायला लागली. रोज दिवेलागणीला स्वयंपाक उरकला की ती त्याच्या पुस्तकातल्या ओळीतलं एकेक अक्षर बघून खटका दाबायची, आणि सावळाराम कानाला फोन लावून अक्षरं वहीत उतरवायचा. तिला शब्दाचा अर्थ कळत नव्हता, पण हात पक्का होता. एकच खोड होती. लांब ठोका ती फार लांबवायची, पिठल्यातली पळी सोडवत नसल्यासारखा.

“अगं, आखूड कर जरा,” तो रोज म्हणायचा.

“व्हय,” म्हणायची आणि पुन्हा तसाच लांबवायची.

इकडं जूनपासून पेठेत वेगळंच सुरू झालं होतं. रखमाजीशेठ भाताचे मोठे व्यापारी. त्यांच्या पेढीवर कपाटाएवढा रेडिओ होता. संध्याकाळी तिथं बातम्या ऐकायला दहा-पंधरा माणसं जमायची. ऐन बातम्यांत त्या रेडिओतून शिट्टी निघायला लागली. साधीसुधी नाही, कानाचे पडदे फाटावेत अशी. कधी सलग, कधी तुटक. पोलंडचं नाव निघालं की शिट्टी. भाताचा भाव निघाला की शिट्टी. रखमाजीशेठनी रेडिओवर लिंबू-मिरची बांधली, नारळ ओवाळून टाकला, तरी शिट्टी काही हटेना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, सावळाराम गुरुजी बिनतारीतले जाणकार, त्यांना बोलवा.

गुरुजी गेले. त्या दिवशी शिट्टी नाही. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा गेले. तेव्हाही नाही.

“तुमी आलात की पळती बगा ती, गुरुजी,” रखमाजीशेठ हात जोडून म्हणाले. “तुमास्नी घाबरती.”

कुणाही माणसानं इथं थांबून विचार केला असता. पण सावळारामला ते बोलणं गोड लागलं. गुरुजी आले की शिट्टी पळते, ही गोष्ट पार वरवे गावापर्यंत पसरली, तेव्हा तर तो शाळेतही जरा ताठ चालायला लागला. तिसऱ्या खेपेला शेठनी विचारलं, शिट्टी येते कुठून? आणि सावळारामनं, मला माहीत नाही एवढं सोडून, बाकी सगळं सांगितलं. विजेची लाट, तिचं भटकणं, हवेतला ओलावा. शेवटी म्हणाला, “डायनामो फिरताना शिट्टी वाजतेच. हाफिजच्या दुकानातला डायनामो असण्याचा संभव आहे.”

संभव, एवढाच शब्द त्यानं वापरला होता. पण दुकानाची जागा रखमाजीशेठची होती. दुसऱ्या दिवशी हाफिजचं इंजिन बंद झालं.

हाफिज शाळेत आला. मधली सुट्टी होती. दारातच उभा राहून त्यानं विचारलं, “गुरुजी, तुमी सांगितलं व्हय?”

“मी नुसता अंदाज सांगितला, हाफिजभाई.”

“तुमच्या अंदाजानं माजी चूल इजली.”

 आपण तोंडातून काढलेला एक शब्द असा चालत जाऊन कुणाच्या तरी चुलीवर बसेल, हे सावळारामच्या ध्यानातच आलं नव्हतं. आठ दिवस बंद ठेवून बघू, शिट्टी थांबली तर डायनामोला काहीतरी उपाय काढू, असं काहीबाही तो बोलला. हाफिज ऐकून निघून गेला. आणि सावळाराम? तो त्या संध्याकाळीही कानाला फोन लावून बसला. परीक्षा ऑक्टोबरात होती ना!

आठाचे पंधरा दिवस झाले. शिट्टी थांबली नाही. पण ती कशी थांबली नाही, हे विचारायला कुणी गुरुजींकडं आलं नाही. लोकांनी आपसांतच ठरवून टाकलं, की हाफिज चोरून इंजिन चालवतो.

आणि मग लढाई जाहीर झाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला अभ्यास रंगात आला असताना दारात शिपाई येऊन उभा राहिला. “मास्तर, फौजदारसाहेबांनी रखमाजीशेठच्या पेढीवर बोलावलंय. आत्ताच्या आत्ता.” शिपायाच्या आवाजात असं काही होतं, की सावळारामनं फोन खाली ठेवले, टोपी घातली आणि वहाणा पायात सरकवत तो तसाच निघाला. एरवी बॅटरी वाया जाऊ नये म्हणून तो उठायच्या आधी यंत्र बंद करायचा. त्या दिवशी राहिलं.

पेढीवर माणसांची दाटी होती. फौजदार खुर्चीत बसले होते. हाफिज खांबापाशी उभा होता. त्याच्या दोन्ही बाजूंना शिपाई बघून सावळाराम दारातच हबकला.

“या मास्तर,” फौजदार म्हणाले. “वरून हुकूम आलाय. चोरून निरोप पाठवणारी यंत्रं हुडकायची आहेत. तुमच्या गावात तीन महिने शिट्टी येतेय आणि मला आज कळतंय. शेठ म्हणतात ती तुटक वाजते, तारेसारखी. याचं इंजिन बंद आहे, मी स्वतः हात लावून बघितलं, गार आहे. तरी शिट्टी आहेच. म्हणजे इंजिन हा नुसता बहाणा. याच्याकडं दुसरं काहीतरी लपवलेलं आहे.”

“साहेब, आल्लाची आण,” हाफिज म्हणाला, “माज्याकडं बॅटऱ्या सोडून कायबी न्हाई.”

“ते उद्या पुण्यात ठरेल. सकाळच्या मोटारीनं याला रवाना करतोय. हा इथं माझ्यापुढं असताना आज शिट्टी आली, तर याचा जोडीदार बाहेर मोकळा आहे असं मी धरणार. मास्तर, तारेची भाषा गावात तुम्हालाच येते. हा कागद, ही पेन्सिल. काय वाजेल ते अक्षर न अक्षर लिहायचं.”

सावळारामनं हाफिजकडं बघितलं. पुण्याला? हाफिजला? डायनामो काय, संभव काय, आणि ही गोष्ट कुठं येऊन पोचली! पण मनाच्या एका कोपऱ्यात त्याला धीरही होता. आपण इथं असलो की शिट्टी येत नाही. आज आली नाही म्हणजे फौजदारांचा संशय जरा सैल होईल, मग आपण रदबदली करू.

शेठनी रेडिओ लावला. बातम्या सुरू झाल्या. दोन मिनिटं गेली, तीन गेली.

आणि शिट्टी वाजली.

ती इतकी कर्कश होती, की पुढं बसलेले दोघं-तिघं मागं सरकले. सावळाराम मात्र जागच्या जागी थिजला. ज्या शिट्टीवर त्यानं तीन महिने व्याख्यानं दिली, ती तो आज पहिल्यांदा ऐकत होता. पहिल्यांदा? ही पट्टी, हा सूर तर तो रोज ऐकत होता. रोज दिवेलागणीला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कानावर. शेजाऱ्यांना त्रास होतो, असं तो चष्मेवाला म्हातारा म्हणाला होता आणि आपण दोघं रस्त्यात उभे राहून त्याला हसलो होतो. फोन कानावर होते हे खरं. पण ते चिंचेवरच्या तारेला कुणी सांगितलं होतं? उजवं बटण पुढं ढकललं की ऐकायचं यंत्र त्या तारेतून बोलतही असतं, हे त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

“लिहा, मास्तर!” फौजदार ओरडले.

त्यानं पेन्सिल टेकवली. तीन तुटक. एक तुटक, एक लांब. आणि तो लांब ठोका नको तेवढा लांबलेला, पिठल्यातली पळी सोडवत नसल्यासारखा.

चंद्रा! यंत्र चालूच राहिलं होतं, आणि ती एकटीच बसून सराव करत होती. तिचा हात ओळखायला अक्षरांची गरजच नव्हती, बोटं ओळखू येत होती. सावळारामचा हात आपोआप लिहीत गेला. एस. ए. व्ही. एल. पुस्तकातली ही ओळ नव्हे, असा शब्द पुस्तकात नाहीच, असं मनात येईपर्यंत पुढची चार अक्षरं पडली, थोडी विश्रांती झाली, आणि पुन्हा पहिल्यापासून तोच शब्द सुरू झाला. त्यानं कागदाकडं बघितलं. कागदावर त्याचं नाव होतं.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती कशी, ते त्याला त्या क्षणी कळलं. अकरा वर्षांच्या संसारात चंद्रानं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उंबऱ्यावर बायकांनी अडवलं, तेव्हा उखाण्यात गुंडाळून काहीतरी पुटपुटली होती, पण ते शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्यालाही ऐकू गेलं नव्हतं. माहेरी एक सावळा बैल होता. त्याला गाव सावळ्या म्हणायचं, तर ही लग्नानंतर त्याला ‘ते काळसर जनावर’ म्हणायला लागली. आणि तीच बाई आता घरात एकटी बसून, आपल्याला कुणी ऐकत नाही या भरवशावर, नवऱ्याचं नाव घेत होती. परत परत घेत होती. वहीच्या पुठ्ठ्यावर इंग्रजीत काय लिहिलंय म्हणून तिनं एकदा विचारलं होतं, तिथूनच अक्षरं उचलली असणार. आणि ते नाव रखमाजीशेठच्या पेढीवर पंधरा माणसं ऐकत होती. कळत होतं एकट्याला.

“काय म्हणतोय तो?” फौजदारांनी विचारलं.

 सावळारामला काहीही लिहिता आलं असतं. असंबद्ध अक्षरं लिहून, कळत नाही म्हटलं असतं तरी भोरात कुणाची बिशाद होती तपासायची? परीक्षा हुकली नसती, नोकरी वाचली असती, आणि बायकोचं मनातलं गुपित चारचौघांत उघडं पडलं नसतं. त्यानं मान वर केली, तर समोर हाफिज. हाफिज त्याच्याकडंच बघत होता. बिनतारीत ज्याला सगळं कळतं अशा आपल्या दोस्ताकडं, हाच आता आपल्याला सोडवील अशा आशेनं बघत होता. ती नजर सावळारामला सोसली नाही. त्यानं कागद फौजदारांच्या हातात दिला.

“सावळाराम?” फौजदारांनी वाचलं. “हे तर तुमचं नाव!”

“होय साहेब. पाठवणारी माझी बायको आहे. यंत्र माझं. तीन महिने जी शिट्टी येतेय ती माझ्या घरातली आहे. हाफिजचा काही संबंध नाही.”

पेढीवर एकदम कालवा झाला. रखमाजीशेठ तर उठूनच उभे राहिले. “गुरुजी, काय बोलताय? तुमचा तर निस्ता ऐकायचा रेडू!”

“मलाही तसंच वाटत होतं, शेठ.”

फौजदारांचा मात्र विश्वास बसला नाही. वीस वर्षं चोर बघितलेला माणूस तो. “मास्तर, हा तुमचा दोस्त, होय ना? त्याला सोडवायला स्वतःचं नाव लिहून मोकळे झालात, असं मी का समजू नये? ही भाषा इथं दुसऱ्या कुणाला येते?” त्यांनी कागदाची घडी केली. “तुमच्या घरी जाऊ. तुम्ही ओसरीवर उभं राहायचं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही, खाकरायचंसुद्धा नाही. बाईंना मी विचारतो, काय वाजवत होतात. त्यांच्या तोंडून हेच नाव आलं, तर हाफिज आज रात्री घरी जेवेल. नाही आलं, तर उद्या दोघंही पुण्याला.”

 खरं बोलून सावळारामनं काय केलं होतं? हाफिजची सुटका उचलून नेमकी त्या एका शब्दावर ठेवली होती, जो चंद्राच्या तोंडून मरेपर्यंत निघणार नव्हता.

दोन आळ्या ओलांडायच्या होत्या. मागं सगळी पेढी निघाली. हाफिज शिपायांच्या मधून चालत होता. सावळाराम त्याच्या बाजूला गेला. “हाफिजभाई, मी...”

“त्यो रेडू म्याच निवडून दिला तुमास्नी,” हाफिज पुढं बघतच म्हणाला. “आन् तार बी म्याच बांदली. आता काय बोलू नगा. साहेबांनी तोंड उघडू नगा म्हंटलंय.”

घराचं दार उघडंच होतं. आत कंदिलाच्या उजेडात चंद्रा दाराकडं पाठ करून बसली होती. कानावर फोन, त्यामुळं इतकी माणसं ओसरीवर आलेली तिला कळलं नाही. उजवा हात खटक्यावर हलत होता आणि ती किंचित झुलत होती, दळताना झुलावं तशी. सावळारामला वाटलं, धावत जावं आणि दार लोटून घ्यावं. शिपायानं त्याच्या दंडाला धरून त्याला ओसरीच्या खांबाशी उभं केलं.

फौजदारांची सावली भिंतीवर पडली तेव्हा ती दचकली. फोन ओढून काढले, पदर घेतला, आणि उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. 

“घाबरू नका बाई. काय वाजवत होतात?”

“कायबी न्हाई. शिकत हुते.”

“काय शिकत होतात?”

“अक्षरं.”

“कुठली? कसला शब्द होता?”

 चंद्रा अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “घरच्या मानसाचा.”

“घरच्या माणसाचा म्हणजे काय? नाव सांगा.”

“ह्येंचंच की.”

“ह्येंचं म्हणजे कुणाचं?”

तिनं पदर आणखी पुढं ओढला. रखमाजीशेठना राहवलं नाही. “साहेब, बाईमाणूस नवऱ्याचं नाव कसं घील? उखाण्यात तरी घिऊ द्या.”

“शेठ, पुण्याच्या साहेबांना मी उखाणा लिहून पाठवू?” फौजदार वळले. “बाई, बाहेर हा हाफिज उभा आहे, बघा. तुमच्या यंत्राच्या शिट्टीपायी मी याला उद्या पुण्याला पाठवतोय. ती शिट्टी तुमची होती आणि तुम्ही कुठला शब्द वाजवत होतात, हे तुमच्या तोंडून स्वच्छ आलं, तरच तो सुटेल.”

चंद्रा आधी काहीच समजल्यासारखी दिसली नाही. मग तिनं खटक्याकडं बघितलं. खिडकीतून बाहेर जाणाऱ्या तारेकडं बघितलं. दारातल्या एवढ्या माणसांकडं बघितलं, आणि आपण एकटीनं बसून जे वाजवलं ते या सगळ्यांनी ऐकलंय हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेलेला सावळारामला लांबूनही दिसला. शरमेनं त्याचीच मान खाली गेली. आपण हिला ठोके आखूड करायला सांगत बसलो, एवढंच आपल्याला हिच्याबद्दल कळलं होतं.

“हाफिजभावजींची प्वारं जेवली का?” तिनं एकाएकी विचारलं.

 पंधरा दिवस इंजिन बंद असलेल्या घरात काय शिजत असेल, ते तिला सांगायला नको होतं.

तिनं पदर खांद्यावर नीट केला. हात सरळ सोडले. आणि मग तिनं नाव घेतलं. उखाण्यात नाही, पुटपुटून नाही. वेल्ह्याच्या डोंगरात या टेकाडावरून त्या टेकाडावरच्या माणसाला हाक मारतात, तसं मोकळ्या गळ्यानं, शेवटच्या अक्षरापर्यंत स्पष्ट.

“सावळाराम!”

 रखमाजीशेठनी तोंडावर हात घेतला. फौजदार कागदाची घडी उघडायचं विसरले. आणि ओसरीवर खांबाला टेकून उभ्या असलेल्या सावळारामला फौजदारांची ताकीद आठवली नाही, शिपाई आठवला नाही, परीक्षा तर नाहीच नाही. अकरा वर्षांत घरातून पहिल्यांदा नावानं हाक आली होती. त्यानं ओ दिली.